पाटकऱ्याचा हिरवा आठवडा

३ एप्रिल २०२५, गुरुवार. अमडापूर

पुण्याच्या कंपनीचं उत्तर आलं. पाटकरी त्यांना 'आवडला' आहे. शब्द त्यांचा. मी असतो तर 'पटला' लिहिलं असतं. आवडतं ते आइस्क्रीम.

नवी वही सुरू करतोय, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवतो. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे सोडतो तो पाटकरी. त्यावरून माझ्या सॉफ्टवेअरचं नाव. शेतकऱ्याने घरबसल्या फोन लावायचा. विहिरीवर एक डबा असतो, त्यातलं सिम तो फोन घेतं. मग पाटकरी मोटर चालू करतो, सांगितलेला वाल्व उघडतो, पाणी संपलं तर मोटर जळायच्या आत बंद करतो. डबा बशीरभाई बनवतो. डब्यातली अक्कल माझी. ही अक्कल मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून, कोणत्याही कॉलेजची पायरी न चढता मिळवली. बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो.

कंपनीच्या सारिका मॅडमची एक अट आहे. मी कोडमध्ये काहीही बदललं की एका वेगळ्या कॉम्प्युटरने आपण होऊन सगळ्या चाचण्या घ्यायच्या. शिवाय दिवसभर दर तासालाही घ्यायच्या. सगळ्या पास झाल्या तर हिरवी खूण, एक जरी नापास झाली तर लाल. असा सलग आठवडा हिरवा दाखवायचा. मध्ये एक अक्षर बदललं तरी आठवडा पुन्हा पहिल्यापासून. चोवीस तारखेला त्यांची बैठक आहे आणि नागपूरच्या एका माणसाचं सॉफ्टवेअरही त्यांच्या टेबलावर आहे. तो इंजिनिअर आहे म्हणे. असू दे.

अशा कॉम्प्युटरला बिल्ड सर्व्हर म्हणतात. अन्नपूर्णाला समजावून सांगितलं. तिने भाकरी उलटवली आणि म्हणाली, "म्हंजे पेपर तुमीच काढनार, तुमीच सोडवनार, अन् तुमीच तपासनार?"

"तपासणार मी नाही. सर्व्हर."

"अन् त्याले कोन शिकवनार?"

काही प्रश्नांना उत्तर देण्यात अर्थ नसतो.

५ एप्रिल, शनिवार

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. फुंकर मारली, पंखा बदलला, कपाटाशेजारी स्टुलावर बसवला. आजपासून तो बिल्ड सर्व्हर. अन्नपूर्णाने त्याला हळदीकुंकू लावलं. मी कुंकू पुसलं, कारण ते पंख्यात जातं.

सारिका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सहदेव सर, टेस्टसाठी खरा पंप नको. मॉक वापरा." मॉक म्हणजे नकली पंप. प्रोग्रामच प्रोग्रामला सांगतो की मी मोटर आहे, मी चालू झाले, आणि दुसरा प्रोग्राम मान डोलावतो. पुण्यात याला इंजिनिअरिंग म्हणतात. मी त्यांना शांतपणे सांगितलं की मॅडम, नकली पंपावर खरं सॉफ्टवेअर तपासणं म्हणजे भिंतीवर रंगवलेल्या बैलाला पाणी पाजणं.

मधला मार्ग मीच काढला. बशीरभाईच्या दुकानात शेल्फावर एक शिल्लक डबा पडून होता. खरा डबा, खरं सिम. मोटरच्या जागी शंभर वॅटचा बल्ब जोडला. दोन वाल्वच्या जागी दोन छोटे दिवे. पाणी आहे की नाही हे ओळखणाऱ्या तारा पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवल्या. सर्व्हर घरून त्या सिमला फोन करेल, बल्ब दहा मिनिटं पेटेल, दिवा नंबर एक लागेल, सगळं बंद होईल. डब्याच्या झाकणाच्या आत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'चाचणी. हात लावू नये. सहदेव.'

बशीरभाई म्हणाला, "भाऊ, कोन हात लावते? इथं लोकं मालालेच हात लावत नाहीत, तर चिठ्ठीले काय लावतील."

संध्याकाळी पहिली हिरवी खूण आली. मी ती अन्नपूर्णाला दाखवली. तिने चष्मा लावून पाहिली आणि चांगली आहे म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

विहिरीची बाब लिहून ठेवतो, पुढे वाद नको. माझी आणि चुलतभाऊ किसनरावची विहीर सामाईक. तीन दिवस त्याची पाळी, तीन दिवस माझी, रविवारी विहीर आराम करते. वरती सौर पंप आहे. वाल्व नंबर एक माझ्या बाजूला, नंबर दोन त्याच्या.

यंदा किसनभाऊने शेडनेटमध्ये मिरचीचं बीज घेतलं आहे. बियाणे कंपनीसाठी. आशावहिनी आणि बाया एकेका फुलाला हाताने पराग लावतात. अशा झाडाला पाण्याचा एक दिवसही चुकला तर फूल गळतं, आणि गळलेलं फूल पुन्हा कोणी चिकटवू शकत नाही. मला शेतीकडे पाहायला सध्या वेळ नाही. म्हणून काल उकंडराव आजोबांच्या ओट्यावर, चार माणसांसमोर मी किसनभाऊला शब्द दिला: "या उन्हाळ्यात माझ्या पाळीचं पाणीही तुमचं. मी एक थेंब घेणार नाही."

उकंडराव आजोबा म्हणाले, "शाबास." गावात पाण्याचं भांडण झालं की निवाडा त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे त्यांच्या शाबासला वजन आहे.

अन्नपूर्णाला मात्र नाही पटलं. विहिरीखाली तिच्या दोडक्यांचा, भेंडीचा वाफा आहे. "शब्द तुमी देल्ला. माह्या दोडक्यायनं नाही देल्ला."

११ एप्रिल, शुक्रवार

अन्नपूर्णाकडून कळलं की विहिरीवरच्या डब्यात पाल शिरली आणि डबा आतून जळाला. किसनभाऊ धावत बशीरभाईकडे गेला. बशीरभाईने तासाभरात बदली डबा नेऊन बसवूनही दिला. हा त्या माणसाचा मोठा गुण. गिऱ्हाइकाची मोटर एक दिवस बंद राहू देत नाही. बदली डबे ऐन वेळी कुठून पैदा करतो, कोण जाणे.

दुपारी तो स्वतः दारात आला. मेहकरला भाची फिजाचं लग्न आहे, घाईत होता. "सहदेवभाऊ, सुनो तर, ते शेल्फावरचा डबा हाये न…"

मी म्हटलं, डब्याची काळजी करू नको, आधी हे बघ. त्याला स्क्रीनपुढे बसवून हिरव्या खुणेचा अर्थ समजावला. एकेका चाचणीचं नाव वाचून दाखवलं. मध्ये दोनदा तो "अरे पन भाऊ, तो डबा" म्हणाला. मी म्हटलं, डबा उत्तम चालू आहे, पुरावा समोर आहे. शेवटी त्याची बस चुकायची वेळ आली. "बाद में बोलू नका का बशीरनं सांगतलं नाही," म्हणून तो निघाला. दुकान पंधरा दिवस बंद. लग्नानंतर तिकडेच पाहुणचार.

कुलूप लावूनही त्याने माझ्या डब्यासाठी लाइट चालू ठेवली असणार, कारण डबा अजून फोन उचलतोय. शब्दाचा पक्का माणूस.

१२ एप्रिल, शनिवार

आज लाल.

चाचणीचं म्हणणं असं की करंट मर्यादेबाहेर आहे. आकडे पाहिले. शंभर वॅटचा बल्ब पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीएवढा करंट ओढतोय. सकाळचे दोन तास विचार केला. बल्ब जुना झाला की आतली तार सैल पडते, उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, त्यात बंद दुकानातली उष्णता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की असं होऊ शकतं. पुस्तकात हे सापडणार नाही. असं ज्ञान हाताने काम करणाऱ्यालाच होतं.

मर्यादा वाढवली. हिरवं.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारच्या फेरीत पुन्हा लाल. 'विहिरीत पाणी नाही.' विहीर कुठली, ती तर बाटली. उन्हाने बाटलीतलं पाणी कमी होत असणार आणि तारा कधी बुडत असतील, कधी उघड्या पडत असतील. कारण गंमत अशी की तीच चाचणी थोडा वेळ थांबून घेतली की पास होते.

सारिका मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या अशा लहरी टेस्टसाठी लोक रिट्राय लावतात, म्हणजे नापास झाली तर थोडं थांबून पुन्हा घ्यायची. "पण सर, ती का फेल होते ते आधी बघितलं पाहिजे."

बघण्यासारखं काय आहे? तीन खेपा लावल्या. पोराला पुरवणी परीक्षेला बसू देतात, मग बाटलीने काय पाप केलं?

आता सगळं हिरवं. परवापासून हात लावायचा नाही. गुरुवारपासून बुधवारपर्यंत आठवडा पुरा होतो आणि चोवीसची बैठक.

१६ एप्रिल, बुधवार

अन्नपूर्णा शेतातून आली ती दोडक्याची पाटी डोक्यावर घेऊन. वाफा असा हिरवागार, की एप्रिल आहे असं वाटू नये, म्हणते. भेंडीला रोज तोडा आहे. आम्ही तर थेंबभर पाणी घेत नाही.

याची कारणमीमांसा मी केली. आमची काळी जमीन खोल आहे. ती मागच्या पावसाळ्याची ओल पोटात धरून ठेवते आणि झाडाने मागितली की वर सोडते. अन्नपूर्णाचं म्हणणं वेगळं. "किसनभाऊजीच सोडत असतीन गुपचूप. आपन शब्द देल्ला, त्यायलेही लाज असंन न."

तिने निम्मे दोडके पदरात घेतले आणि किसनभाऊच्या घरी देऊन आली. आशावहिनींनी घेतले, पण चहाचं विचारलं नाही, असं म्हणाली.

१८ एप्रिल, शुक्रवार

हिरव्या आठवड्याचा दुसरा दिवस. दुपारच्या फेऱ्यांमध्ये पाटकरी दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला पास होतो. जिद्दी आहे. बापावर गेलाय.

अंगणात किसनभाऊ उभा. हातात दोडके.

"हे घे."

"काय झालं?"

"माह्याच पान्याचे दोडके मलेच आनून देते तुही बायको? मले येडा समजते का बे?"

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. म्हणतो, मोटर आपोआप चालू होते. तो शेडनेटकडे पाणी लावून आत जातो, तर मधेच वाल्व फिरतो, मोटर बंद पडते, आणि विहीर बघावं तर रिकामी. "शेडनेटातून मी येईपर्यंत सगळं चूप. तू इथं बसून मोबाइलनं करून राह्यला."

मी त्याला एकच सांगितलं की किसनभाऊ, माझ्या धंद्यात आपोआप काही होत नाही. आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. "पाहा. विहिरीच्या डब्याला मी महिन्याभरात एक तरी फोन लावला का?"

त्याने अंगठ्याने वर-खाली करून पाहिलं. एकही नव्हता. मी खरं तेच सांगत होतो.

"मग माह्या मिरचीचं पानी पालीनं पेलं का?"

जाताना दोडके ओट्यावर ठेवून गेला. अन्नपूर्णाने रात्री त्याचीच भाजी केली.

२० एप्रिल, रविवार

टपरीवर बोलणं सुरू झालं आहे. 'सहदेव तोंडानं दाता अन् हातानं चोर.' हे बोलणारे लोक मोटरीच्या तीन तारा ओळखू शकत नाहीत.

किसनभाऊच्या शेडनेटातल्या दोन ओळींची फुलं गळली. आशावहिनी सकाळ-संध्याकाळ डोक्यावर घागर घेऊन जाताना अन्नपूर्णाने पाहिल्या. वाईट वाटलं. मी पाणी सोडून दिलेलं असताना दुसराच कोणीतरी ते मारतो, हे मलाही सहन होणार नाही. खालच्या मळ्यातल्या लोकांवर माझा संशय आहे. पुरावा नाही म्हणून नाव लिहीत नाही.

उकंडराव आजोबांनी निरोप पाठवला: मंगळवारी सकाळी दोघंही विहिरीवर या. मी लगेच हो म्हटलं. ज्याच्या हिशेबात काही चुकत नाही त्याला बोलावण्याची भीती नसते. उलट चार लोकांपुढे सोक्षमोक्ष होऊ द्या.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपार

जसं झालं तसं लिहितो.

आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उकंडराव आजोबा बाभळीखाली पोत्यावर बसलेले. टपरीवरचे झाडून सगळे हजर. किसनभाऊ, आशावहिनी, आणि शेडनेटात काम करणाऱ्या बाया. अन्नपूर्णा माझ्यामागे.

आमच्याकडे पाण्याच्या भांडणाला रीत आहे. वाद असलेल्या विहिरीचं पाणी लोट्यात घ्यायचं, काठावर उभं राहून त्यात उजवा हात बुडवायचा आणि गजानन महाराजांची आण घेऊन खरं ते बोलायचं. त्यानंतर कोणी खोटं बोलल्याचं उदाहरण गावात नाही. लोट्याला दोर लावून किसनभाऊने पाणी काढलं. दोर पार खालपर्यंत गेला. वर आला तो अर्धा लोटा, त्यातही गाळ.

आधी किसनभाऊने आण घेतली. मग माझी पाळी. मी काठावर गेलो, चपला काढल्या, लोट्यात हात बुडवला. आवाज सगळ्यांना जाईल असा लावला.

"गजानन महाराजांची आण. या उन्हाळ्यात या विहिरीतून मी एक थेंब…"

मोटर चालू झाली.

कोणी तिला हात लावला नव्हता. डब्यापासून सगळ्यात जवळ बकरी होती. वाल्व नंबर एक 'खट्' करून उघडला आणि पाणी पाइपातून धडधडत माझ्या वाफ्याकडे, थेट अन्नपूर्णाच्या दोडक्यांकडे निघालं. लोट्यातला हात मी काढायचा विसरलो.

"घेतला नाही," मी वाक्य पूर्ण केलं. सुरू केलेलं वाक्य अर्धवट सोडणं मला जमत नाही.

कोणी हसलं नाही, तेच वाईट होतं. सगळे नुसते पाण्याकडे पाहत उभे. किसनभाऊ मोटर बंद करायला धावला, तर उकंडराव आजोबांनी काठी आडवी केली. "राहू दे. पाहू दे, आपोआप बंद होते का." विहिरीतलं उरलंसुरलं पाणी गेलं, गुरगुर आवाज आला, मोटर थांबली. आम्हाला वाटलं झालं. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाली. पुन्हा गुरगुर. पुन्हा थांबली. तिसऱ्या खेपेला मात्र झऱ्याचं थोडं पाणी साचलं असावं, कारण ती नीट चालली आणि नीट बंद झाली.

आणि माझ्या खिशात फोन वाजला. सर्व चाचण्या उत्तीर्ण. हिरवी खूण.

किसनभाऊने डब्याचं झाकण उघडलं. आतली चिठ्ठी उकंडराव आजोबांनी चष्म्याशिवाय, हात लांब धरून, एकेक शब्द वाचली. "चाचनी. हात. लावू. नये. सहदेव."

"हे अक्षर कोनाचं हाये बे?" किसनभाऊने विचारलं.

अक्षर माझंच होतं. वळणदार आहे, ओळखायला कष्ट नाहीत. बशीरभाईने बदली म्हणून नेलेला डबा म्हणजे माझा शेल्फावरचा डबा. त्याने हे मला वेळेवर आणि स्पष्ट सांगायला हवं होतं.

मी सगळ्यांना नीट समजावलं. बिल्ड सर्व्हर म्हणजे काय, दर तासाची फेरी, तीन खेपा, हिरवी खूण. लोकांनी शांतपणे ऐकलं. ऐकून झाल्यावर टपरीवाला म्हणाला, "म्हंजे भाऊ, चोरी सर्व्हरनं केली अन् तुमाले पासचं सर्टिफिकेट देल्लं."

हशा आता झाला. बराच वेळ चालला. बायाही हसल्या.

किसनभाऊ हसला नाही. तो म्हणाला, "बंद कर ते."

"करतो. पण दोनच दिवस. आज आणि उद्या. आठवडा पुरा झाला की परवा पुण्याला बैठक. आता काही बदललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. किसनभाऊ, दोन वर्षांचं काम आहे माझं."

आशावहिनी शेडनेटातून एक फांदी घेऊन आल्या आणि माझ्या ओल्या हातात दिली. पराग लावल्याची खूण म्हणून फुलांना बांधलेले छोटे दोरे तसेच होते. फुलं नव्हती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हेबी मोजा न तुमच्या परीक्षेत."

परत येताना अन्नपूर्णा माझ्यापुढे चालत होती. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "वायर मी उपटू, का तुमी करता?"

२२ एप्रिल, संध्याकाळ

तीन रस्ते आहेत. डबा शेल्फावर परत आणला तर किसनभाऊची मोटर चालूच होणार नाही, दुसरा डबा बशीरभाई आल्याशिवाय नाही. चाचण्या बंद केल्या तर माझा आठवडा गेला. काहीच केलं नाही तर त्याची मिरची गेली.

दोन दिवस. सहा दिवसांचं हिरवं स्क्रीनवर ओळीने उभं होतं. तासभर नुसतं पाहत बसलो.

मग चाचणीच्या फाइलमध्ये जिथे वाल्वचा नंबर लिहितात तिथे गेलो, एक खोडून दोन केला.

सर्व्हरने लगेच नवी फेरी घेतली. मोटर चालू, वाल्व नंबर दोन उघडा, पाणी शेडनेटकडे. हिरवं. आणि वर, आठवड्याच्या मोजणीत: दिवस पहिला.

निर्णय निव्वळ तांत्रिक होता. आमच्या विहिरीचे झरे मंद आहेत. सलग उपसली तर तळ गाठते, पण तासातून दहा मिनिटं उपसली की मधल्या वेळात भरत राहते. शेडनेटच्या ठिबकला असंच थोडं थोडं पाणी मानवतं. मी हे ढोबळ हिशेबाने पंधरवड्यापूर्वीच सांगू शकलो असतो, कोणी विचारलं नाही.

करंटची मर्यादाही आता मोटरीच्या हिशेबाने लावली. बल्बाबद्दलचं माझं निरीक्षण तूर्त मागे घेतो.

२३ एप्रिल, बुधवार

सारिका मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फक्त लोट्याचा भाग गाळला. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तो बदल दोन दिवस पुढे ढकलला असता तर…"

"मॅडम, मिरची ढकलता येत नाही."

"आणि मी मॉक वापरा म्हटलं होतं, तेव्हा वापरलं असतं तर हे काहीच झालं नसतं."

"बरोबर. आणि आज किसनभाऊच्या मिरचीला तासातासाला पाणीही मिळालं नसतं. नकली पंपाने मिळालं असतं का?"



२५ एप्रिल, शुक्रवार

नागपूरच्या माणसाला घेतलं.

बशीरभाई मेहकरहून परत आला. मी दारातच विचारलं, तू मला सांगितलं का नाही? त्याने पिशवीतून लग्नातली मिठाई काढून माझ्या हातावर ठेवली. "भाऊ, पहले ये खा लो. मंग मी पुन्हा सांगतो. या बार बीच में बोलू नका."

नवा डबा आठवडाभरात देतो म्हणाला. मी म्हटलं घाई नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सर्व्हरवर सलग आठवडा हिरवा पूर्ण झाला. पाहायला कोणी नाही. स्क्रीनचा फोटो काढला आणि सारिका मॅडमना पाठवला नाही.

मशीन बंद करावं म्हणून दुपारी किसनभाऊला फोन केला. आमचं त्या दिवसानंतर बोलणं नव्हतं. तो म्हणाला, "काऊन बंद करतं? नव्या फुलावर बाया काम करून राह्यल्या. चालू दे. मिरची निघेपर्यंत चालू दे."

"गळलेल्या ओळी?"

"त्या गेल्या," तो म्हणाला. "गेल्या ते गेल्या."

मी चालू ठेवलं. अन्नपूर्णाचा वाफा वाळला आहे. ती मला रोज सकाळी त्याची बातमी देते, मी ऐकून घेतो.

२ मे, शुक्रवार

जेवायला बसलो आणि किसनभाऊचा फोन. हॅलो वगैरे काही नाही.

"नापास."

"काय?"

"आता पानी यायले पायजे होतं. नाही आलं. मी इथं शेडनेटात उभा हाये. नापास केला तुले."

मी ताट सोडून उठलो. स्टुलाजवळ गेलो तर सर्व्हरची पिन बाहेर आणि तिथे कूलर लावलेला. अन्नपूर्णा म्हणाली, गरम होऊन राह्यलं होतं. कूलर दुसऱ्या बोर्डावर हलवला. मशीन चालू केलं, फेरी हाताने सुरू केली, उभ्या उभ्या थांबलो.

पुन्हा फोन.

"आलं," किसनभाऊ म्हणाला. मागे बायांचा आवाज, आणि पाइपात पाणी चढतं तेव्हा होतो तो आवाज. "पास. पन पंधरा मिनिटं लेट. लिहून ठेव."

घड्याळ पाहिलं. चौदा झाली होती. त्याला तसं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "चौदा लिही."

लिहिली.